ब्रुनेल्लो : एका नावाची मालकी

गेल्या वर्षी शिमगा उलटल्यावर सत्तरीतील आमचे एक जुने अशील कचेरीत आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. मुलगा इटलीत नोकरीस असल्यामुळे ते महिनाभर तिकडे राहून आले होते, आणि परत येताना वकिलासाठी काय न्यावे या विचारात त्यांनी मोंताल्चीनो नावाच्या गावातील एका लहान घरगुती मळ्यावरून तांबड्या द्राक्षमद्याची ही बाटली आणली होती. बाटली मेजावर ठेवून त्यांनी खुर्ची ओढली आणि लगेच मूळ मुद्द्याला हात घातला. त्यांच्या आजोबांपासून घरची काजूची भट्टी आहे. त्यांच्या फेणीला पंचक्रोशीत घराण्याच्याच नावाने ओळखतात. आता बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला ते नाव विकत हवे आहे. भाट नको, भट्टी नको, फक्त नाव. "वकीलबाब, घराचें नांव विकूंक जाता?" असे त्यांनी विचारले.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येते. पण ती बाटली समोर असल्यामुळे आम्हाला ते दोन ओळींत द्यावेसे वाटले नाही, आणि प्रस्तुत लेख हा त्या दिरंगाईचाच परिणाम आहे.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. देवळाच्या महाजनांच्या यादीत ज्याचे नाव आहे अशा माणसाने मद्याविषयी लिहावे, हे आमच्या कित्येक वाचकांना रुचणार नाही. स्मृतिकारांनी सुरापानाची गणना महापातकांत केली आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. मात्र ज्या घरांत सुरेचे नाव उच्चारले जात नसे, त्याच घरांच्या फडताळात वैद्यबुवांनी दिलेली द्राक्षासवाची बाटली असे, आणि बाळंतिणीपासून आजोबांपर्यंत सर्वजण ते आसव मोजून दोन चमचे घेत, हेही आम्ही लहानपणी पाहिले आहे. येथे आम्हास मद्याची महती गावयाची नाही. एका नावाचा इतिहास तपासावयाचा आहे.

बाटलीकडे आम्ही प्रथम एखाद्या दस्तऐवजाकडे पाहावे तसेच पाहिले. कागदावर मळ्याचे नाव होते, २०१५ हे हंगामाचे वर्ष होते, आणि त्याखाली 'ब्रुनेल्लो दि मोंताल्चीनो' अशी अक्षरे होती. बाटलीच्या गळ्यावर सरकारी क्रमांकाची एक चिंचोळी पट्टी चिकटवलेली होती. स्टँपपेपरावरील क्रमांकाची आठवण व्हावी अशी ती पट्टी. तिचा अर्थ असा, की उगमस्थानाचे हे नाव राज्यसंस्थेने केवळ नियंत्रित केले आहे एवढेच नव्हे, तर त्याची हमीही घेतली आहे. मळेवाल्याचे नाव त्याचे स्वतःचे. पण ब्रुनेल्लो हे नाव त्याचे नव्हे. एकाच कागदावर दोन नावे, आणि दोघांचे मालक वेगळे. आमच्या अशिलाच्या प्रश्नाची गाठ नेमकी येथेच होती.

मोंताल्चीनो हे तोस्काना प्रांतात सिएना शहराच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या डोंगरावर वसलेले तटबंदीचे गाव आहे. इतिहासात त्याचे नाव एका पराभवामुळे आले. १५५५ च्या एप्रिलमध्ये दीर्घ वेढ्यानंतर सिएनाचे प्रजासत्ताक सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्लॉरेन्सचा कोझिमो यांच्या सैन्यापुढे शरण गेले. ज्यांना शरणागती मान्य नव्हती अशी कुटुंबे शहर सोडून या डोंगरावर आली, आणि आपले प्रजासत्ताक संपलेच नाही, ते केवळ मोंताल्चीनोस हलले आहे, असे त्यांनी जाहीर केले. त्या नावाने त्यांनी नाणीसुद्धा पाडली. हा संसार चार वर्षे टिकला. १५५९ च्या तहाने तो संपला. आजही सिएनाच्या प्रसिद्ध पालिओ शर्यतीच्या मिरवणुकीत मोंताल्चीनोच्या निशाणाला मानाचे स्थान असते.

हे वाचताना आम्हास वारंवार झुआरी नदीच आठवत होती. सिएनाची ती कुटुंबे डोंगर चढून गेली त्यानंतर फार वर्षे लोटली नाहीत. १५६० च्या दशकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. जागा सुटली, नाव मात्र बरोबर आले. शांतादुर्गेच्या ओटीच्या वेळी आजही केळशीचे नाव निघते, यात त्या पिढीने काय जपले ते दिसते. दोन्ही घटनांत संबंध काही नाही, कारणेही निराळी. तथापि नाव हे वाहून नेता येते, आणि पुष्कळदा तेवढेच वाहून नेता येते, याचा हा एकाच काळातील दुहेरी पुरावा आहे.

आता मद्याकडे वळू. इटलीतील कोणत्याही गावात गेले की आमचे मद्य रोमनांच्या काळापासून चालत आले आहे, असे सांगणारा मनुष्य भेटतोच. आपल्याकडे प्रत्येक देवालय पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, त्याच जातीची ही कथा. ब्रुनेल्लोच्या बाबतीत कागदपत्र वेगळी साक्ष देतात. सतराव्या शतकात मोंताल्चीनो प्रसिद्ध होते ते मोस्कादेल्लो नावाच्या गोड, पांढऱ्या मद्यासाठी. १६८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काव्यात फ्रांचेस्को रेदी या वैद्य-कवीने स्तुती केली आहे ती त्याची. ज्या तांबड्या मद्याने आज या गावाला जगभर नेले, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. म्हणजे आपल्याकडच्या मुंबई विद्यापीठाहून फारसे जुने नाही.

त्याचा पहिला लेखी धागा क्लेमेंते सान्ती यांच्याकडे जातो. हे गृहस्थ औषधविद्येचे जाणकार होते, आणि गावाबाहेर इल ग्रेप्पो या नावाची त्यांची इस्टेट होती. १८६९ च्या स्थानिक कृषिप्रदर्शनात त्यांच्या १८६५ च्या तांबड्या मद्यास बक्षीस मिळाले, आणि त्या नोंदीत कंसात 'ब्रुनेल्लो' हा शब्द आला आहे. ब्रुनेल्लो म्हणजे सावळासा; गावकरी एका विशिष्ट काळसर द्राक्षाला त्या नावाने ओळखत. पुढे १८७९ साली सिएना प्रांतातील तज्ज्ञांच्या मंडळाने असा निर्णय दिला की हे द्राक्ष स्वतंत्र नसून तोस्कानात सर्वत्र होणाऱ्या सांज्योवेसे जातीचेच आहे. म्हणजे द्राक्ष सगळ्यांचे, नाव एका गावचे.

क्लेमेंते यांची मुलगी फ्लॉरेन्सच्या बिओन्दी घराण्यातील डॉक्टराला दिली होती. तिचा मुलगा फेर्रुच्चो याने आईकडचे व बापाकडचे अशी दोन्ही आडनावे जोडून बिओन्दी-सान्ती हे नाव चालवले. हा तरुण १८६६ साली, सतराव्या वर्षी, गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत सामील होऊन बेझ्झेकाच्या लढाईत लढला होता. परत आल्यावर त्याने आजोबांची इस्टेट हाती घेतली, आणि दुसरी लढाई सुरू केली ती शेजाऱ्यांच्या चालीरीतींविरुद्ध.

या लढाईचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. जवळच्या किआंती भागातील बॅरन बेत्तीनो रिकासोली, जे संयुक्त इटलीचे पंतप्रधानही झाले होते, यांनी १८७२ च्या एका पत्रात आपल्या मद्याची कृती नोंदवली होती. सांज्योवेसे हे मुख्य, त्याच्या कडकपणाला मऊ करण्यासाठी कानायोलो, आणि लवकर प्यावयाचे असेल तर माल्वाझिया हे पांढरे द्राक्षही, असा तो मेळ होता. त्या काळी तोस्कानाचे बाजारी मद्य तरुणपणीच विकले जाई. वर्षभरात पैसा हाती येई, मळेवाला खूश, कूळही खूश. फेर्रुच्चोने ठरवले की आपण मिसळ करणार नाही. एकट्या सांज्योवेसेचे मद्य करावयाचे, ते ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवावयाचे, आणि मगच बाटलीत भरावयाचे. तरुणपणी हे मद्य इतके तुरट व आंबट असते की पिणाऱ्याचे तोंड आवळून येते. त्याला माणूस बनावयास वेळ लागतो. त्या वेळी वेलींवर भुरीचा व मुळांवर फिलॉक्सेरा किड्याचा उपद्रव चालू होता, आणि अशा दिवसांत हाती आलेले पीक दहा वर्षे तळघरात कोंडून ठेवणे याला शहाणपण म्हणणारे फार थोडे असतील. सावकाराने तर खचितच म्हटले नसते.

१८८८ च्या हंगामाच्या काही मोजक्या बाटल्या त्या घराण्याच्या तळघरात जपून राहिल्या. ज्या हंगामाचे पीक विशेष उतरेल त्यालाच 'रिझेर्वा' म्हणावयाचे, असा त्यांचा दंडक होता. १८८८ पासून १९४५ पर्यंतच्या सत्तावन्न वर्षांत असे किती हंगाम निघाले असावेत? चार. १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५. म्हणजे १८९१ नंतर चौतीस वर्षे त्या घराने आपल्याच पिकाला 'उत्तम' म्हणण्यास नकार दिला. आम्ही वकिलीच्या धंद्यात स्वतःविरुद्ध दिलेल्या कबुलीला फार किंमत देतो. असली कबुली इतकी वर्षे देत राहणारा साक्षीदार आम्हास तरी भेटलेला नाही.

फेर्रुच्चो १९१७ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव तांक्रेदी हे मद्यशास्त्र शिकलेले. १९३२ साली सरकारी आयोगाच्या अहवालात, ब्रुनेल्लो ही डॉक्टर फेर्रुच्चो बिओन्दी-सान्ती यांची अलीकडची निर्मिती आहे, अशा आशयाची नोंद झाली. १९४४ मध्ये युद्धाची आघाडी तोस्कानातून सरकत चालली तेव्हा तांक्रेदींनी जुन्या बाटल्यांपुढे भिंत बांधून त्या दडवल्या, असे सांगतात. देवाची मूर्ती विहिरीत किंवा रानात दडवल्याच्या कथा ज्यांच्या घरात आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. वस्तूची पायरी वेगळी, भीती तीच. १९७० साली, मृत्यूच्या थोडे आधी, तांक्रेदींनी अतिप्राचीन बाटल्या उघडून, त्याच हंगामाच्या मद्याने त्यांतील घट भरून, पुन्हा नवी बुचे लावली. त्या वेळी लेखक मारिओ सोल्दाती आणि मद्यसमीक्षक लुईजी वेरोनेल्ली यांना साक्षीस बोलावले होते. साक्षीदारांसमक्ष सील मोडून पुन्हा सील करणे ही आमच्या ओळखीची पद्धत! त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, लंडनच्या इटालियन वकिलातीत राष्ट्राध्यक्ष सारागात यांनी राणी एलिझाबेथला दिलेल्या मेजवानीत १९५५ चे हे मद्य वाढले गेले, आणि एका डोंगरी गावाचे नाव बाहेरच्या जगात पडले.

परंतु घराण्याची कथा म्हणजे गावाची कथा नव्हे. त्याच वर्षांत मोंताल्चीनो अत्यंत गरीब होते. जमीन मेत्साद्रिया पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने, लावली जाई: जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक अर्धे अर्धे. १९६४ च्या सप्टेंबरात इटलीने असे नवे करार करण्यास कायद्याने बंदी केली. योगायोग असा की गोव्यात कुळांना संरक्षण देणारा आपला कूळ कायदाही १९६४ चाच. तिकडे मात्र कायदा होण्यापूर्वीच कुळे शेत सोडून कारखान्यांकडे चालू लागली होती. त्याच वर्षी मिलान ते नेपल्स हा नवा महामार्ग पुरा झाला, आणि रोमला जाणारी रहदारी डोंगराखालच्या जुन्या कासिया रस्त्यावरून निघून गेली. खाणावळी ओस पडल्या. गावाजवळ विकण्यासारखे एक नावच तेवढे शिल्लक होते, आणि तेही एका घराने मोठे केलेले.

येथे कायदा आला. उगमस्थानाच्या नावाचे कायदे युरोपास नवे नाहीत. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ मध्येच फर्मान काढून किआंतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. १७५६ मध्ये पोर्तुगालात मार्क्विश द पोंबाल याने दोरू नदीच्या खोऱ्याची हद्द ठरवली, आणि पुढे तिच्यावर ग्रॅनाइटचे खांब रोवले. हा तोच पोंबाल, ज्याच्या कारकिर्दीत १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन बंद झाले. तो पडल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ पर्यंत चालले. इटलीने १९६३ मध्ये सर्व देशासाठी असा कायदा केला. त्याखाली १९६६ साली ब्रुनेल्लोची हद्द व नियम ठरले, आणि १९८० मध्ये हमीची वरची श्रेणीही त्याला मिळाली. नियम कडक आहेत: द्राक्ष फक्त सांज्योवेसे, वेली मोंताल्चीनोच्याच हद्दीत, हेक्टरी जास्तीत जास्त आठ टन पीक, लाकडात किमान दोन वर्षे, आणि हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी विक्री नाही. आमच्या बाटलीतील २०१५ चे मद्य म्हणून १ जानेवारी २०२० पर्यंत कायद्याच्या कोठडीत होते.

या कायद्याने काय केले? एका घराण्याने तीन पिढ्या सोसून जे नाव कमावले, ते त्याने हद्दीतील प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती दिले. बिओन्दी-सान्तींना याचे दुःख झालेच नसेल असे म्हणवत नाही. मात्र ज्याचे नाव उरलेले नव्हते अशा कुळाच्या मुलालाही त्यामुळे बाटलीवर लिहिण्यासारखे काही मिळाले. साठच्या दशकात शंभर हेक्टरांच्या आत असलेले ब्रुनेल्लोचे मळे आज दोन हजार हेक्टरांहून अधिक आहेत, आणि आमच्या अशिलाने ज्यांच्याकडून बाटली आणली तशी लहान कुटुंबे त्यांवर जगतात. ही मालकी खाजगी नव्हे आणि सरकारीही नव्हे. गोव्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागू नये. आपली गांवकरी याहून फार निराळी नव्हती. शेत गावाचे, कसण्याचा हक्क गांवकाराचा, आणि ते गावाबाहेर विकण्याचा अधिकार कोणा एकाला नाही.

सामाईक मालकीचा रोगही सामाईकच असतो. २००८ मध्ये सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली: काही उत्पादक ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षे मिसळतात असा संशय होता. परदेशी गिऱ्हाइकाला गडद रंग व मऊ चव आवडते, आणि सांज्योवेसे या दोन्ही बाबतींत हट्टी. अमेरिकेने शुद्धतेचा दाखला मागितला. नियमच सैल करावा, असाही एक सूर निघाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उत्पादकांनी मतदान केले आणि प्रचंड बहुमताने निर्णय दिला की द्राक्ष एकच राहील. मिसळ नको म्हणणारा फेर्रुच्चोचा हट्ट सव्वाशे वर्षांनी गावाने ठराव करून आपला केला. त्यांचे नातू फ्रांको, जे जन्मभर जुन्याच पद्धतीने मद्य करीत आले, ते हे पाहण्यास हयात होते. ते २०१३ मध्ये एक्याण्णवाव्या वर्षी वारले. २०१६ च्या अखेरीस घराण्याच्या मळ्याची बहुसंख्य मालकी एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली, आणि त्याबरोबर बिओन्दी-सान्ती हे नावही.

ब्रुनेल्लो हे नाव मात्र गेले नाही, कारण ते जाऊ शकत नाही.

आपल्याकडची स्थिती अशीच आहे. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याखाली २००९ साली गोव्याच्या काजूफेणीची नोंदणी झाली. त्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की असे नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, परवान्याने दुसऱ्यास देताही येत नाही. उलट घराण्याचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ते खुशाल विकता येते. अशिलाला ही दोन उत्तरे आम्ही दिली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मागीर तो म्हज्या नांवान कितें भरतलो?" मग तो माझ्या नावाने बाटलीत काय भरील, हा प्रश्न कायद्याने विचारलेला नव्हता, त्यांनी विचारला.

बाटली आम्ही एका रविवारी संध्याकाळी त्यांच्याच समवेत उघडली. दोघांनी मिळून दोन लहान पेले घेतले, अधिक नाही. रंग आम्ही कल्पिला होता तसा दाट नव्हता. पेल्यातून पलीकडचे बोट दिसत होते, आणि कडेला विटेची छटा होती. प्रथम वास जवळजवळ आलाच नाही. अर्ध्या तासाने तो उघडला: वाळलेल्या फुलांचा, सकाळच्या निर्माल्याची परडी संध्याकाळी उचलताना येतो तसा, त्यामागे आंबट फळाचा, आणि शेवटी पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. जिभेवर प्रथम आमसुलासारखी आंबटाई, मग जांभळाचा तुरटपणा, जो हिरड्यांना धरून राहतो. गोडी नाहीच. खरे सांगावयाचे तर पहिला घोट आम्हास आवडला नाही. तिसऱ्या घोटानंतर आम्ही बोलणे थांबवले होते. अशिलांनी पेला प्रकाशात धरला, पुन्हा हुंगला, आणि कोळंबीत तुडवलेल्या काजूच्या रसाला तिसऱ्या दिवशी कोणता वास येतो, तो आला की वडील भाण चुलीवर चढवायला कसे सांगत, याविषयी ते बराच वेळ सांगत राहिले. त्या व्यापाऱ्याला यातले काही ठाऊक आहे काय, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलवली.

करारनाम्याचा मसुदा आम्ही तयार केला आहे. त्यात एक कलम आम्ही आपण होऊन घातले: घराण्याचे नाव ज्या बाटलीवर लागेल तिच्यातील फेणी सत्तरीतील काजूच्या बोंडांचीच असावी, ती भाणातच ऊर्ध्वपातित व्हावी, आणि यात कसूर झाल्यास नाव घराण्याकडे परत यावे. व्यापाऱ्याच्या वकिलांनी त्या कलमाखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढून मसुदा परत पाठवला आहे. अशिलांनी तो वाचला, आणि हंगाम संपेपर्यंत सही करणार नाही असे कळवून ते भाटात गेले आहेत.